राजाच्या घरात पाणी नव्हतं

आधी एक स्पष्ट सांगून टाकते. आमचे चेअरमन वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर माझं काम सोपं होतं. वाईट माणसावर पत्रक लिहिता येतं: वर मोठ्या टायपात सवाल, खाली चार मुद्दे, शेवटी 'जाहीर निषेध'. असली पत्रकं मी झोपेतसुद्धा लिहीन. चांगल्या माणसाच्या हातून जे घडतं त्यावर काय लिहायचं, हे मला कुठल्याही शिबिरात कोणी शिकवलं नाही.

दोन हजार साल उलटल्यानंतरची ती पहिली काही वर्षं. आम्ही मीरा रोडला, शांती नगरच्या एका सेक्टरमध्ये राहायचो. चार मजल्यांची बिल्डिंग, लिफ्ट नाही. खाडीच्या अंगाची जमीन, बोअर मारली तर खारं लागायचं. बिल्डरच्या जाहिरातीत मात्र 'चोवीस तास पाणी' असं छापलेलं. पलीकडे भाईंदरला इंद्रलोक म्हणून वस्ती आहे, तिथेही तेच. आम्ही म्हणायचो, इंद्राच्या घरी टँकर येतो तर आपण कोण?

चेअरमनना सगळे काका म्हणायचे. मूळचे रत्नागिरीकडचे. कंपनीत स्टोअरकीपर होते, कंपनी बंद पडली, वेळेआधी घरी बसले आणि मग सगळी ताकद सोसायटीवर लावली. बिल्डिंगला पाण्याची लाईन मिळाली ती ह्याच माणसामुळे. बायकांना रिकामे हंडे घेऊन नगरपालिकेच्या कचेरीपुढे बसवलं, स्वतः उन्हात उभे राहिले, साहेब बाहेर येईपर्यंत हलले नाहीत. मी तेव्हा शाळेत होते. नळाला पहिल्यांदा पाणी आलं तेव्हा चारही मजल्यांवर थाळ्या वाजल्या होत्या. तेव्हापासून बिल्डिंगमध्ये त्यांचा शब्द खाली पडला नाही. पोरांनी कुठे सायकली लावायच्या इथपासून कोणाच्या लग्नाचा मांडव कुठे घालायचा इथपर्यंत. आणि आवाज असा की खाली गेटवर बोलले तर वरच्या मजल्यावर कढईतला चमचा थांबायचा.

गावच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या सोंगांच्या खेळात, रावणाचं सोंग त्यांच्या घराण्याकडे मानानं चालत आलेलं. दहा तोंडांचा जड मुखवटा चढवून काका अंगणात उतरले की पोरं आयांच्या मागे लपायची, असं काकी सांगायची. काकी म्हणजे त्यांची बायको. बारीक, सावळी, तोंडानं फटकळ. नवऱ्याला तोंडावर 'अहो' आणि पाठीमागे 'आमचा लंकेश'.

त्या वर्षी मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि नाटकाच्या पेपरला ग्रीक शोकांतिका होती. सर सांगायचे, ग्रीकांचा राजा खलनायक नसतो. शूर असतो, सरळ असतो, नगरीवर त्याचे उपकार असतात. त्याला रोग एकच. एकदा तोंडातून गेलेला शब्द त्याला माणसांपेक्षा मोठा वाटायला लागतो. म्हातारे येऊन सांगतात, पुजारी सांगतो, घरचे सांगतात. तो म्हणतो, राजा कोण आहे, मी की तुम्ही? तिथून उतरण सुरू. आणि एक, सर म्हणायचे, मरण रंगमंचावर होत नाही. ते आत होतं, महालात. निरोप्या बाहेर येऊन सांगतो. प्रेक्षकाला दिसतो तो फक्त ऐकणाऱ्याचा चेहरा.

मला हे भलतंच पटलं. आमची पाणी हक्क समिती म्हणजे कॉलेजची आठ-दहा पोरं-पोरी, एक उधार आणलेली डफली आणि पत्रकांचे गठ्ठे. चौकाचौकात पथनाट्य करायचं ठरत होतं. मी म्हटलं, ग्रीक करूया.

"ग्रीक?" एकजण म्हणाला. "अगं, इथे भाजीवाल्याशी हिंदीत बोलावं लागतं, तू ग्रीक कुठून आणलंस?"

पण लिहिलं मी. एका नगरीचा राजा. त्यानं बांधलेला तलाव आटलाय, पण तो भरलेला आहे असंच म्हणायचं, असा त्याचा हुकूम. लोक तहानलेले आणि राजा सांगतोय, पाण्यात माझं प्रतिबिंब दिसतंय, तुम्हाला कसं दिसत नाही? राणी आत असते. स्टेजवर येतच नाही. शेवटी निरोप्या धावत येतो. निरोप्या मी. आणि राजाला आवाज हवा होता, तेव्हा सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली.

काका हो म्हणाले. खूष झाले, खरं तर. काकीनं जुन्या पलंगपोसाचा झगा शिवून दिला. महापालिकेच्या शाळेच्या मैदानात संध्याकाळी तालमी सुरू झाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी 'नगरजनहो' अशी हाक दिली तेव्हा रस्त्यावरून जाणारा एक रिक्षावाला दचकून थांबला आणि "बोलो साब" म्हणाला. आम्ही हसून लोळलो. काकाही हसले.

अडलं ते शेवटच्या प्रवेशात. राजानं मुकुट काढायचा, लोकांसमोर हात जोडायचे आणि म्हणायचं, तलाव कोरडा आहे.

"हे काढून टाक, गो," काका म्हणाले.

"काका, सगळं नाटक त्याच्यासाठीच आहे."

"रावण पडतो. वाकत नाही. मला बाण मारा, बघ कसा धाडकन पडतो. पण हात-बित जोडायचं नाही."

"ग्रीक राजा मरत नाही काका. त्याला जगावं लागतं. सगळं कळल्यावर."

त्यांनी थोडा विचार केला. "हे तर मारण्यापेक्षा वाईट."

"म्हणून तर शोकांतिका."

"तुमचे ग्रीक लोक दुष्ट होते," असं म्हणून त्यांनी विषय संपवला. तो प्रवेश आम्ही तालमीत सोडून पुढे जायचो. म्हटलं, ऐन वेळी करतील.

मे महिना लागला. नळाची धार बोटाएवढी झाली, मग नुसती हवा. बिल्डिंगमध्ये मागच्या विंगला एक पुढारी राहायचा. पुढारी म्हणजे काय, पक्षाचं काम करायचा, नगरसेवक व्हायची हौस. एका सकाळी तो टँकर घेऊन आला. टँकरवर त्याचा हात जोडलेला फोटो, पुढे ढोलवाला, फोटोग्राफर, आणि हातात माईक.

"काका, पाणी आपल्याच लोकांसाठी आहे," तो म्हणाला. "तुम्ही फक्त नारळ फोडा आणि माईकवर दोन शब्द बोला. आमच्या कामाबद्दल. बस."

बायका हंडे घेऊन खाली आल्या होत्या. काका गेटमध्ये उभे. त्यांनी नारळ हातात घेतला, बघितला आणि परत केला.

"पाणी हक्काचं असेल तर सोड," ते म्हणाले. "दान असेल तर घेऊन जा."

"दानच समजा की. काय फरक पडतो?"

काकांनी माणसांपुरतं बाजूचं फाटक ठेवून मोठं गेट ओढलं, कुलूप घातलं आणि किल्ली झग्याच्या, म्हणजे लेंग्याच्या खिशात टाकली. "ह्या गेटातून ह्याच्या टँकरचा एक थेंब आत येणार नाही. कोणाच्या घरातही येणार नाही. आपण भिकारी नाही."

टाळ्या पडल्या. लोक आता विसरलेत, म्हणून लिहून ठेवते: सगळ्या मजल्यांवरून टाळ्या पडल्या. माझ्या आईनं वाजवल्या, दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेननं वाजवल्या, मी तर शिटी मारली. गेटच्या भिंतीवर आमच्या समितीनं रंगवलेली ओळ होती, 'भीक नको, हक्काचं पाणी'. ती माझी ओळ. ती चुकीची होती असं मला आजही कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

पण टाळ्यांनी डाळ शिजत नाही. चार-पाच दिवस लोकांनी दम काढला. नातेवाइकांकडून बाटल्या, कॅन, खाऱ्या बोअरच्या पाण्यात कपडे. मग एक दिवस तो टँकर मागच्या गल्लीत उभा राहिला. ढोल नाही, फोटो नाही. भिंतीवरून एक रबरी पाईप आत आला. पुढारी हुशार होता. त्याला ठाऊक होतं, आज फोटो नको, मतदानाच्या वेळी आठवण पुरेल. टँकर यायची वेळ त्यानं बरोबर काढली होती: काका तालमीला असतात ती.

"आज तालीम आहे ना तुमची?" आई मला विचारायला लागली.

"तुला कधीपासून नाटकाची आवड?"

"काकांना जरा जास्त वेळ ठेव. पिंप भरायला वेळ लागतो."

जिन्यात भेटतील त्या बायका हेच विचारायच्या. काकांचं काम कसं होतंय, लांब आहे का नाटक, अजून थोडं लांबव की. सगळी बिल्डिंग नाट्यरसिक झाली होती. आम्ही मैदानात 'तलाव कोरडा आहे' म्हणून डफली बडवायचो आणि इकडे घराघरात पिंपं भरायची. काका परत आले की पाईप गुंडाळलेला, भिंत पुसलेली. त्यांना गेटवरचं कुलूप दिसायचं, जसंच्या तसं. छाती भरून यायची त्यांची. एकदा मला म्हणाले, "बघ गो. एकाही माणसानं शब्द मोडला नाही. ह्याला म्हणतात बिल्डिंग."

मी आमच्याच पिंपातलं पाणी पिऊन तालमीला गेले होते.

बेननं एकदा प्रयत्न केला. जिन्यात गाठून म्हणाली, "काका, गेट खोलो ने. छोकरां छे घरमां."

"बेन, दोन दिवस कळ काढा. लाईनीचं पाणी येतंय. मी अर्ज दिलाय."

बेननं माझ्याकडे बघितलं आणि ती आपल्या घरात गेली. तिच्या घरी आदल्याच संध्याकाळी दोन पिंपं भरली होती. ती खरं तर स्वतःसाठी बोलत नव्हती.

कारण एकच घर कोरडं होतं. तिसऱ्या मजल्यावरचं, काकांचं.

काकीला सगळं माहीत होतं. ती खिडकीतून तो पाईप बघायची. बायकांनी तिला किती वेळा म्हटलं, एक हंडा घ्या, कोणाला कळतंय. ती म्हणायची, "ह्यांना कळेल. टँकरच्या पाण्याला रबराचा वास येतो. चहाचा पहिला घोट घेतला की ओळखतील." मग बायका म्हणायच्या, वेलची टाका. त्यावर ती हसायची. पण घ्यायची नाही. समोरच्या सेक्टरमध्ये तिच्या मावसबहिणीकडे दिवसाआड पाणी यायचं. तिथून कळशी भरून आणायची, रस्ता ओलांडून, तीन जिने चढून. गुडघे धरलेले, रक्तदाबाची गोळी चालू. कळशी घ्यायला मी हात पुढे केला की म्हणायची, "तू जा तालमीला. राजा खोळंबलाय."

एकदा तिनं मला थांबवलं. दुसऱ्या जिन्याच्या चौकात बसली होती दम खात, कळशी बाजूला.

"त्या राजाला बायको आहे का गो तुमच्या नाटकात?"

"आहे. पण ती बाहेर येत नाही. आतच असते."

"आत काय करते?"

"मरते. मग मी येऊन सांगते."

काकी खळखळून हसली. "काम बरं आहे. पाठांतर नाही." मग पदरानं तोंड पुसलं. "आणि तो काय करतो, राजा?"

"त्याला कळतं."

"उशिरा कळत असेल."

"हो."

"पुरुषांना तसंच कळतं," ती म्हणाली आणि कळशी कमरेवर घेतली.

काकांना सांगावं, असं मला तेव्हा वाटलं का? वाटलं. सगळ्यांनाच वाटत होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुमची सगळी प्रजा चोर आहे? की तुमचं कुलूप म्हणजे विनोद झालाय? जो उठून सांगेल त्याचं पाणी बंद होणार, त्याच्यामुळे सगळ्यांचं बंद होणार. म्हणून सगळे काकांचा मान राखत होते. मान राखणं हे किती सोयीचं असतं, ते मला त्या उन्हाळ्यात कळलं.

त्या दिवशी मला तालमीला निघायला उशीर झाला होता. घरातून बाहेर पडले तर जिन्यावरून पाणी उतरत होतं. पायरीपायरीनं, हळूहळू, स्वच्छ. मला आधी रागच आला. म्हटलं, कोण एवढं पाणी सांडतंय? वर गेले. कळशी चौकाच्या भिंतीला अडकून आडवी पडली होती. काकी पायरीवर बसल्यासारखी, डोकं कठड्याला टेकलेलं. मी हाक मारली. मग ओरडले. दारं उघडली. खालच्या दुकानगाळ्यातला डॉक्टर चपला न घालता आला, गुडघ्यावर बसला, आणि थोड्या वेळानं त्यानं स्टेथोस्कोप कानातून काढला.

"काकांना?" कोणीतरी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मलाच माहीत होतं ते कुठे आहेत.

रिक्षानं गेले. मैदानात तालीम रंगात आली होती. काका झगा घालून, सोनेरी कागदाचा मुकुट डोक्यावर, कोरसची पोरं अर्धगोल करून बसलेली. मी फाटकातून धावत आत शिरले. धापा टाकत होते, केस सुटलेले.

"आली!" एकजण ओरडला. "काय एन्ट्री घेतली यार! पण अजून दोन पानं आहेत तुला."

काकांनी हात वर करून त्याला गप्प केलं. माझ्याकडे वळले. आणि नाटकातलं वाक्य, मीच लिहिलेलं, त्या आवाजात म्हणाले, "दूता, श्वास घे. आत जे घडलं ते इथे बोल."

मी त्या सोनेरी मुकुटाकडे बघत राहिले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काय काम करतेय.

"काका, घरी चला."

"असं नाही," ते हळू आवाजात, शिकवल्यासारखं म्हणाले. "आधी 'महाराज' म्हण. मग थांब. मग सांग."

"काका, काकी. जिन्यात."

सर म्हणायचे ना, प्रेक्षकाला फक्त ऐकणाऱ्याचा चेहरा दिसतो. तो मी पाहिला. त्याचं वर्णन करणार नाही. ग्रीकांनी मुखवटे का वापरले ते मला त्या क्षणी कळलं, एवढंच सांगते. कुठल्याही माणसानं दुसऱ्याचा तसा चेहरा उघडा बघू नये.

रिक्षात त्यांनी विचारलं, "पाणी आणत होती?"

"हो."

"सगळ्याच आणतात," ते म्हणाले. माझ्याशी नाही. "बिल्डिंगमधल्या सगळ्याच आणतात."

काकीला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. समोरच्या सेक्टरमधली ती मावसबहीण आली होती, वयानं मोठी, सगळ्यात आधी तीच भानावर आली. सवाष्ण गेलेली. हिरवी साडी काढा, कुंकू काढा, आणि अंघोळीला पाणी आणा.

कोणीतरी स्वयंपाकघरात गेलं. पिंप कोरडं. हंडा पालथा. नळ फिरवला तर नुसता खोकल्यासारखा आवाज. ती बाई बाहेर आली. तिनं फक्त मान हलवली. खोलीत बायकाच बायका. काका दारात उभे, अंगावर तो पलंगपोसाचा झगा तसाच.

मग माझी आई उठली. कोणाकडे न बघता खाली गेली आणि हंडा भरून घेऊन आली. तिच्यामागून बेन उठली. मग दुसरी, मग तिसरी. वरच्या मजल्यावरून, खालून, समोरच्या दारातून. हंडे, बादल्या, कळशा, एकीनं तर सुनेबरोबर अख्खं पिंप उचलून आणलं. दारापासून कठड्यापर्यंत रांग लागली. काठोकाठ भरलेली भांडी. पाणी हलायचं थांबत नव्हतं.

काका बघत होते. एवढं पाणी त्यांच्या बिल्डिंगमध्ये आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ते आईच्या हंड्याशी आले, दोन्ही हात बुडवले, आणि ओंजळ नाकाशी नेली.

"हे कुठलं?"

ते आईकडे वळले.

"वहिनी, हे कुठलं पाणी?"

"टँकरचं, भाऊजी," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"तुम्ही कुलूप लावलंत, त्याच आठवड्यापासून."

"सगळे?"

आईनं मान खाली घातली.

"आणि ही?"

"काकीए ना पाडी," बेन म्हणाली. रडत होती, कितीदा सांगून पाहिलं म्हणत होती. "केटली वार कीधुं. एक लोटोय नथी लीधो, भाई."

एक बाई वाटीनं पाणी घ्यायला वाकली तेव्हा काका म्हणाले, "थांबा."

सगळं थांबलं. मी खरंच सांगते, मला भीती वाटली. मला वाटलं, हा माणूस आताही नाही म्हणेल. आताही म्हणेल, ह्याच्या टँकरचा थेंब माझ्या घरात नाही. त्याच्या तोंडावर ते येऊन उभं राहिलेलं मला दिसत होतं.

मावसबहीण उठली. ती काकांपेक्षा मोठी, तिला त्यांची भीती नव्हती. "खाऱ्या पाण्यानं घालू का तिला?" ती म्हणाली. "सांगा. जन्मभर तुमचं ऐकलं तिनं, आता एवढं पण तुम्हीच सांगा."

काका भिंतीला टेकून खाली बसले.

"घाला," ते म्हणाले.

रबराचा वास सगळ्या खोलीत भरला. मला तो अजून येतो. नवीन कॅन उघडला, होजपाईप दिसला, की येतो.

नाटक झालं नाही. पत्रक झालं. समितीतल्या पोरांनी दोनच दिवसांत मला गाठलं. मुद्दा खरा होता: माणसं तहानेनं मरतायत, बायका जिन्यांवर कोसळतायत, ह्याहून मोठा सवाल काय असणार? मी मथळा दिला, 'पाण्याचा बळी, जबाबदार कोण?' आणि कच्चा मजकूर घेऊन काकांकडे गेले. घरच्यांना विचारल्याशिवाय छापायचं नाही, एवढी अक्कल होती.

त्यांनी दोनदा वाचलं. "बरोबर आहे," म्हणाले. "व्यवस्थेचं लिहिलंयस, बिल्डरचं लिहिलंयस. आता खाली माझं लिही."

"तुमचं काय?"

"गेटाला कुलूप मी लावलं. ते लिही. जबाबदार कोण विचारलंयस ना, मग पुरतं उत्तर दे."

मी बैठकीत ते मांडलं. वाद झाला. आपल्याच माणसाला दोषी ठरवायचं? विरोधक टपलेलेच आहेत, म्हणतील, बघा, ह्यांच्याच चेअरमननं मारली. लढ्याचं नुकसान होईल. मी आरडाओरडा केला, टेबलावर हात आपटला, अर्धं सत्य छापणार असाल तर मी हात लावणार नाही म्हटलं. हात वर करून मतं झाली. मी हरले. पत्रक काकांच्या ओळीशिवाय छापलं गेलं आणि गल्लोगल्ली वाटलं गेलं. लोक हळहळले. काकांना रस्त्यात थांबवून हात हातात घ्यायला लागले. बिचारे, ह्यांची बायको पाण्यापायी गेली.

ग्रीकांचा राजा सगळं गमावतो, पण त्याची चूक तरी त्याच्याकडे राहते. ती त्याची असते. नगरी त्याच्याकडे बघून म्हणते, हे तू केलंस. आम्ही काकांना तेवढंही दिलं नाही. मी त्यानंतर समिती सोडली नाही, कारण पाण्याचा प्रश्न सुटलेला नव्हता आणि तो माझ्या दुखावलेल्या मनापेक्षा मोठा होता. पण त्या पत्रकाची प्रत मी घरात ठेवली नाही.

काकांनी चेअरमनपद सोडलं. पुढारी चेअरमन झाला. टँकर पुढच्या गेटातून येऊ लागला, फोटोसकट, आणि कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत की शिट्ट्या मारल्या नाहीत. पुढे दोन-तीन वर्षांनी नवी लाईन आली. सकाळी तासभर का होईना, नळाला जोर आला. लोक पूर्वीचं विसरायला लागले. विसरायला माणसाला फक्त पाणी लागतं.

आणि मग हे सुरू झालं. सकाळी पाणी आलं की तिसऱ्या मजल्यावरून ते वाहून खाली यायला लागलं. काकांच्या दाराखालून, जिन्यावरून, चौकातून, पायरीपायरीनं. आमच्यासारख्या बिल्डिंगमध्ये कोणाचा नळ एक मिनिट जास्त चालला तर चार मजले ओरडतात. पाण्यावरून लोकांनी एकमेकांची तोंडं पाहणं टाकलंय इथे. पण ह्या पाण्यावर कोणी ओरडलं नाही. बायका पदर सावरून भिंतीच्या बाजूनं उतरायच्या. पोरांना गप्प करायच्या. नवीन भाडेकरू आले, त्यांनी विचारलं, तर त्यांना आत बोलावून हळू आवाजात सांगितलं जायचं.

शेवटी मी गेले वर. दार उघडंच होतं. मोरीत पिंप भरून वाहत होतं आणि काका बाजूला स्टुलावर बसले होते, हातात काही नाही.

"काका, नळ चालू राहिलाय."

"ठाऊक आहे."

"खालपर्यंत गेलंय पाणी. रोज जातं."

"रोज सोडतो," ते म्हणाले. तो आवाज आता राहिला नव्हता, पुढे वाकून ऐकावं लागायचं. "बघतो, कोणी सांगायला येतं का."

मी नळ बंद केला. मोरी एकदम शांत झाली.

"खाली जाऊन सांग त्यांना," काका म्हणाले. "म्हणावं, ओरडा. एकदा तरी ओरडा माझ्यावर."

मी खाली आले. आईला सांगितलं, बेनला सांगितलं, गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या दोघी-तिघींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आई म्हणाली, "आपल्यानं नाही व्हायचं ते. एवढे मोठे ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पुन्हा खाली उतरलं. कोणी दार उघडलं नाही. चप्पल हातात घेऊन मी त्यातून वर गेले, ओरडायला.